ताकातली टरफलं आणि फुगलेला ड्रम

मी सासूला अजिबात घाबरत नाही. इंदापूरला माहेरी गेले की हे मी दर वेळी सांगते. (सासरी, कन्हेरीत, अजून सांगितलेलं नाही.)

आमचा धंदा माश्यांचा. हसू नका! मंडईतल्या कचऱ्यावर अळ्या वाढवायच्या आणि कोंबड्यांना खाद्य म्हणून विकायच्या. थोड्या बियाण्याला ठेवायच्या. त्यांच्या माश्या झाल्या की मागं उरतात काळी टरफलं. त्यांत कायटिन असतं, खेकड्याच्या पाठीत असतं तेच, आणि ते औषधवाल्यांना लागतं. लोक ते ॲसिडनं काढतात. मी मात्र प्रशिक्षणात शिकून आले होते, की ताक-गूळ घालून टरफलं आंबवली तरी जमतं. ॲसिड नाही, नदीनाले खराब नाहीत, धोका तर नाहीच नाही! हे मी घरात चारदा ऐकवलं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, एकच विचारलं, "वास?"

"छे! वास कसला?"

गोठ्यातल्या निळ्या ड्रमात मी टरफलं आंबत घातली. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो. पण तिसऱ्या दिवशी ड्रमला असा वास सुटला, की माझी पाचावर धारण बसली. लग्नाला गेलेल्या आत्याबाई दुसऱ्या दिवशी परत यायच्या होत्या. मी झाकण गच्च दाबलं, लोखंडी पट्टी आवळली, वर पाटा ठेवला. वास गायब! मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले, तर ड्रमला पोट आलेलं! शेजारी आमची चंद्री म्हैस, तीही दिवस भरलेली. तेवढ्यात ड्रम आतून 'टण्ण' वाजला. मी शेणाची पाटी तिथंच टाकून पळाले.

"अहो! ड्रम फुगलाय!"

"किती?" ह्यांनी तोंडातला ब्रश न काढता विचारलं.

"या की, बघा!"

"मी हितनंच इचारतोय."

"आणि चंद्रीला कोण सोडणार?"

"तूच सोड. मला बघून ती बिचकती." (हीच चंद्री ह्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय पान्हा सोडत नाही!)

चंद्रीला आत्याबाईंनी पारडी असल्यापासून बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिला किंवा तिच्या पोटातल्या जिवाला काही झालं असतं, तर मी ह्या घरात तोंड कसं दाखवणार होते? शेजारचे सलीमभाई ट्रॅक्टरचे मेकॅनिक. त्यांना हाक मारली. ते पाना घेऊन आले, ड्रम बघितला आणि पाना खिशात घातला.

"वैनी, म्या इंजनं खोलतो. बाँब न्हाय!"

मग आम्ही तिघं लिंबाच्या झाडामागं एका ओळीत उभे राहिलो. सगळ्यात मागं मी.

"काय चाललंय रं?" माझ्याही मागनं आवाज आला. आत्याबाई! हातात पिशवी, नुकत्याच एसटीतनं उतरलेल्या.

"आत्याबाई, ड्रम... फुटंल."

"चंद्री आत हाय?"

"व्हय."

त्यांनी पदर खोचला आणि सरळ गोठ्यात निघाल्या. "आत्याबाई, नका जाऊ!" म्हणत मीही धावले. (दारापर्यंत.) त्यांनी आधी चंद्रीचं दावं सोडलं, पाठीवर थाप मारून तिला बाहेर काढलं. मग पाटा उतरवला आणि विळ्याच्या टोकानं पट्टी उचकटली.

फस्स! झाकण आढ्याला, ताक पत्र्याला! खाली आत्याबाई नखशिखांत पांढऱ्या, केसांत काळी टरफलं. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं! डोळे उघडले, तर त्या ओठ पुसून मिटक्या मारत होत्या.

"गूळ लई झालाय," त्या म्हणाल्या. "आन् झाकण कुणी आवळलं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. चंद्रीनंसुद्धा बघितलं!

"वास... तुम्हाला वास येईल म्हणून..."

"आगं येडे, शेणात जलम गेला माजा! मला वासाचं काय भ्या घालतीस?"

चार दिवसांनी चंद्री सुखरूप व्याली, पारडी झाली. ताक आता आत्याबाईच घालतात, झाकणही रोज त्याच सैल करतात.

झाकण उडालं त्याच दिवशी संध्याकाळी, बातमी ऐकून, इंदापूरहून भावाचा फोन आला होता. "ताई, सासू लई बोलली असंल की!"

"मी काय घाबरते व्हय रे त्यांना?" मी त्याला चांगलं ठणकावून सांगितलं. न्हाणीत जाऊन, कडी लावून, नळ सोडून.