मधली पापडी

दुपारचे दोन वाजलेत. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्यात आणि मी टाकीच्या सावलीत, हातात काठी घेऊन, कावळ्यांवर पहारा देतेय. मांडीवर वही आहे. उद्या वाचनालयात बोलायचंय: आपल्या विश्वापलीकडे आणखी विश्वं असतील का? एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, तरी वहीत जेमतेम दोन ओळी झाल्यात. तिसरी लिहिताना पेन कागदावरून घसरत जातं आणि मी त्याला घसरू देते.

"असाच देतात होय गं पहारा?"

माई. माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. डोक्यावर पदर, आणि पाय पोळू नयेत म्हणून माझ्याच जुन्या चपला घातलेल्या. त्या नेहमीसारखा प्लास्टिकच्या मधोमध हात घालतात. कडेची उचलली की लगेच कळतं, मधलीकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं त्यांचं शास्त्र. अर्धी ओली पापडी अलगद सोडवून त्या तोंडात टाकतात.

"माई, अजून वाळल्या नाहीत."

"वाळल्यावर काय, सगळेच खातात. हे काय लिहितेस?"

मी सांगते. की कदाचित पुष्कळ विश्वं असतील. नक्की कुणालाच माहीत नाही. पण असली, तर एखाद्यात हीच माणसं असतील, फक्त काहीतरी वेगळं घडलं असेल.

"म्हणजे या पापड्यांसारखं. पातेलं एक, पळी एक, तरी एकीसारखी दुसरी नाही."

एवढ्यासाठी मी तीन जाडजूड पुस्तकं वाचली होती.

"चल," त्या म्हणतात. गच्चीचा जिना उतरतो तो थेट माझ्या कॉलेजच्या व्हरांड्यात. एम.एस्सी.ची परीक्षा चालू आहे. पहिल्या खोलीत पंचवीस वर्षांची मी पेपर लिहितेय. बाहेर बाकावर माई बसल्यात, मांडीवर माझी चार महिन्यांची केतकी, शेजारी दुधाची बाटली. हे खरंच घडलेलं. "तू फक्त लिही, पोरगी रडली तर माझ्याशी गाठ आहे," असं म्हणून त्या सगळ्या पेपरांना अशाच बसून होत्या. स्वतः सातवी शिकलेल्या. गणितात पहिल्या यायच्या, मग शाळाच सुटली. आणि मी त्यांना आभाराचा एक शब्द कधी बोलले नाही. घरच्या माणसाचे कसले आभार, असं वाटायचं. त्या गेल्या तेव्हा मी परगावी उत्तरपत्रिका तपासत होते. नऊ वर्षं ते मनात सलतंय.

व्हरांडा संपत नाही. खोलीमागून खोली. एका दाराशी मी थांबते. आत माई आहेत, वीसएक वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या, जीभ दातांत धरून गणित सोडवतायत.

"माई, बघा ना, इथं तुम्ही शिकलात!"

"माझ्याकडं काय बघतेस? बाहेर कोण बसलंय ते बघ."

बाहेरच्या बाकावर मी बसलेय. आत्ताची, पांढऱ्या केसांची. मांडीवर माईंचं बाळ आहे. त्याचे ते सुपासारखे कान मी छत्तीस वर्षं ओळखते. हा माझा नवरा! आणि माझं बोट चोखत निवांत पडलाय.

मला हसू आवरत नाही, आणि रडूही.

"थँक्यू, माई," मी म्हणते. "त्या सगळ्या पेपरांबद्दल. केतकीबद्दल. सगळ्याबद्दलच. फार उशीर केला मी."

"उशीर कसला? तिकडं बसलीच आहेस की माझ्यासाठी." त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. हाताला साबुदाण्याचा वास येतो. "पण शैला, मीठ कमी पडलंय हं."

ऊन पायांवर आलंय. वही खाली पडलीय, काठीही. प्लास्टिकच्या मधोमध एका पापडीची जागा रिकामी आहे, गोल, अजून ओलसर. कावळ्यानं नेली असती तर शेजारच्या चार तरी विस्कटल्या असत्या. त्या जागच्या जागी आहेत.

मी त्यांतली एक अलगद सोडवते आणि तोंडात टाकते.

मीठ खरंच कमी पडलंय.