डागदराने गाडीचं ऑइल बदललं

“अगं, गाडीत ऑइल असतं, विहीर नसते. पुरेल हे घमेलं.”

“माझं कांजीचं घमेलं आहे ते.”

“धुऊन देतो की.”

“आणि आजच कशाला? आधी कोट पोचवून या. मग गाडीखाली झोपा नाहीतर गाडीवर झोपा, मी चकार शब्द काढणार नाही.”

“इंजिन गरम असलं की ऑइल पातळ होतं आणि सगळं खाली येतं. फोनवर बघितलंय मी. चहा निवायच्या आत काम होतं.”

“सूनबाई, चहा टाकू नकोस गं,” आतून म्हातारी म्हणाली. “आज तो निवणारच आहे.”

म्हातारी सुटलेली बटणं लावत बसली होती. डोळे अधू झाले होते, पण सुई आणि जीभ दोन्हींची टोकं शाबूत होती.

घर लाँड्रीवाल्याचं होतं. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे पत्र्याखाली धुण्याचे हौद आणि हौदांच्या कडेला व्हॅन उभी राहील एवढी फरशी. ही फरशी त्याने स्वतःच्या हाताने घातली होती. गवंडी आडमुठे असतात, त्यांना उतार कळत नाही, असं त्याचं मत होतं. त्यामुळे हौदाचं पाणी सांडलं की ते गटाराकडे न जाता सरळ मधल्या खोलीत पाहुण्यासारखं यायचं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की फरशी बरोबर आहे, गटार चुकीच्या बाजूला आहे.

गिऱ्हाईकं त्याला डागदर म्हणायची. चिडवायलाच म्हणायची, पण ह्याने ती पदवी समजून अंगाला लावून घेतली. कुणी डागाचा शर्ट आणला की हा नाडी बघितल्यासारखं कापड दोन बोटांत धरायचा, डोळे मिटायचा आणि विचारायचा, “कधीपासून आहे?” खरं सांगायचं तर हात चांगला होता त्याचा. हळद म्हणू नका, शाई म्हणू नका, गंज म्हणू नका, कापडाला धक्का न लावता काढायचा. दुकानाच्या भिंतीवर त्याने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘तेलकट डागावर पाणी मारून आणलेले कपडे घेतले जाणार नाहीत.’ आणि कुणी तसा आणलाच, तर त्या माणसाला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर फैलावर घ्यायचा. “तेलावर पाणी? अहो, शिकलेली माणसं तुम्ही! आधी खडूची पूड टाकायची, तेल पिऊ द्यायचं, झटकायचं, मग साबण. पाणी शेवटी!” समोरचा माणूस खाली मान घालून ऐकायचा. बायको इस्त्री फिरवत ऐकायची. तिचं तर पाठच झालं होतं.

आता असला माणूस गाडीखाली कशाला शिरला? तर स्वच्छतेपायी. मागच्या खेपेला गॅरेजवाल्याने ऑइल बदललं आणि स्टिअरिंगवर काळा अंगठा उठवून ठेवला. तो अंगठा ह्याच्या तळव्याला लागला आणि तिथून एका डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर गेला. झालं! ह्याने गॅरेजवाल्याचं नाव टाकलं. “माझ्या गाडीला परत हात लावू देणार नाही,” म्हणाला. “घाणेरडी जात आहे मेकॅनिकची. मी स्वतः करीन. एक थेंब खाली पडला तर नाव बदलीन.”

त्याच कोटाच्या पायी मागची खेप उशिरा पोचली होती. रुग्णालयाचे कोट आणि चादरी म्हणजे ह्या घराची चूल होती. बाकीची गिऱ्हाईकं म्हणजे फोडणीपुरती. तिथल्या मेट्रनबाई कमी बोलायच्या. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “पुन्हा दुपारची पाळी कोटाविना उभी राहिली, तर तुम्ही येऊ नका. दुसरी लाँड्री शोधलेली आहे.” तेव्हापासून बायकोला झोपेतही कोट दिसत होते. आज गठ्ठे बांधून मधल्या खोलीत जमिनीवर तयार होते. उचलायचे, गाडीत टाकायचे आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. नेमका तेवढ्यातच ह्याला साक्षात्कार झाला, की इंजिन गरमच आहे तर ऑइल बदलूनच निघू.

तो अंगावर नवा पांढरा शर्ट ठेवून गाडीखाली सरकला. बायकोने जुना घाला म्हटलं तर म्हणाला, “ज्याला काम येतं त्याला कपड्याची भीती नसते.”

पान्याने खालचा नट ढिला केला. नट शेवटच्या आट्यावर आला आणि ऑइल बाहेर पडलं. आता ऑइल खाली पडणार म्हणून ह्याने घमेलं बरोबर नटाखाली ठेवलं होतं. ऑइलला ते माहीत नव्हतं. ते तिरकं उडालं, थेट बाहीत शिरलं आणि कोपरावरून बगलेपर्यंत गरमागरम चौकशी करून आलं. ह्याने हात झटकला, तसा नट घमेल्यात पडला. नट काढायला हात घमेल्यात घातला, तर तिथलं ऑइलही तितकंच गरम.

“काय झालं हो?”

“काही नाही! व्यवस्थित चाललंय!”

“मग ओरडताय कशाला?”

“ओरडत नाहीये, इंजिन बोलतंय!”

“इंजिनाच्या तोंडी आईबहिणीवरनं शिव्या कधीपासून आल्या?” म्हातारीने दोरा दाताने तोडत विचारलं.

कांजीचं घमेलं कांजीपुरतंच उथळ असतं. काठोकाठ भरलं. हा ते सरकवत सरकवत बाहेर काढायला लागला, आणि प्रत्येक हिसक्याला काठावरून एकेक जीभ बाहेर पडायला लागली. निम्मं ऑइल रिकाम्या डब्यात गेलं, बाकीचं फरशीला मिळालं. एक थेंब पडला तर नाव बदलीन म्हणणाऱ्याने आजूबाजूला बघून घेतलं, त्यावर पोतं टाकलं, नट परत जागेवर आवळला आणि पुढच्या कामाला लागला.

पुढचं काम फिल्टरचं. जुना काढायचा, नवा बसवायचा, हाताने आवळायचा. ह्यात चुकण्यासारखं एकच होतं: जुन्या फिल्टरची रबराची रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते, ती सोलून काढावी लागते. फोनवरचा माणूस ते सांगत होता तेव्हा डागदर एका गिऱ्हाइकाला साबणाचे प्रकार समजावत होता. त्यामुळे जुन्या रिंगवर नवी रिंग बसली आणि दोन्ही एकमेकींवरून घसरायला मोकळ्या राहिल्या. नरसाळं लावून नवं ऑइल ओतलं. हात पुसले, शर्टालाच. चेहऱ्यावर असं तेज, की जणू गाडी ह्यानेच जन्माला घातली.

“झालं! ये बघायला. म्हणत होतीस ना?”

त्याने गाडी चालू केली. चांगली चालली. म्हणून रेस दिली. अजून चांगली वाटली. तेव्हा डोळे मिटून, कान टवकारून, गवई तंबोरा ऐकतो तसा तो इंजिन ऐकत बसला. खाली दोन रिंगांच्या मधून ऑइलची काळी पिचकारी सुटली होती. पोतं भिजलं, हौदाची भिंत रंगली, फरशी चकाकायला लागली. बायको दारात आली, तिने तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात तिचं कोण ऐकतो?

शेवटी तिने ओला टॉवेल पिळून त्याच्या तोंडावर फेकला, तेव्हा ह्याने डोळे उघडले आणि गाडी बंद केली.

आणि आता बघा. ज्या माणसाने आयुष्यभर तेलाचे डाग काढून पोट भरलं, ज्याने भिंतीवर पाटी लावली, त्याने ते काळं डबकं बघितलं आणि काय केलं? हौदात बादली बुडवली आणि ओतली त्याच्यावर! एक नाही, पाठोपाठ. वर मूठभर सोडा उधळला आणि खराट्याने सपासप मारायला सुरुवात केली.

“अहो, पाणी नको! पाणी नको!”

“अगं, धुतल्याशिवाय निघेल का?”

तेल पाण्यावर स्वार झालं. पाण्याला वाट ठाऊक होती. ह्यानेच करून दिली होती. इंद्रधनुष्याचे रंग मिरवत सगळी स्वारी मधल्या खोलीच्या दाराखालून आत शिरली, जिथे चादरींचे आणि कोटांचे गठ्ठे जमिनीवर मांडून ठेवले होते.

बायकोच्या तोंडचं पाणीच पळालं. पण ती ओरडत बसली नाही. गठ्ठे उचलून टेबलावर फेकले, टेबल भरलं तेव्हा म्हातारीच्या मांडीवर फेकले. म्हातारी कोटांच्या मागे दिसेनाशी झाली, पण आवाज येत होता: “मला लिंबू-मिरचीसारखी टांगा आता वर!” शेवटचा गठ्ठा उचलला तेव्हा खालच्या कापडातून काळा ओघळ आत गेलेला होता. सोडून बघितलं, तर सर्वांत खालचा कोट पाठीवर रंगलेला. बाकीचे वाचले होते.

डागदर तसाच बादली नि खराटा घेऊन दारात. “थांब, मी आलो मदतीला.”

“एक पाऊल आत टाकलंत तर बघा!”

त्याने खाली बघितलं. मागे जिकडे तिकडे त्याचीच काळी पावलं. बायकोने धुण्याचा टब पालथा घातला आणि म्हणाली, “ह्याच्यावर उभे राहा. कशाला हात लावायचा नाही. बोलायचं नाही.” तो उभा राहिला. चौकात पुतळा असतो तसा, एका हातात खराटा.

तिने समोरच्या सुताराकडे पोतंभर भुसा मागितला.

“काय वहिनी, एवढा भुसा? कोंबड्या पाळल्या की काय?”

“एक पाळलाय. टबावर उभा आहे.”

सुतार पोतं पोचवायच्या निमित्ताने आत आला, पुतळ्याचं दर्शन घेतलं आणि तृप्त होऊन गेला.

तिने आधी साचलेलं पाणी जुन्या फडक्यांनी टिपून बादलीत पिळलं. मग भुसा पसरला आणि थापला. भुसा काळा पडला तसा लोटून पोत्यात भरला, पुन्हा नवा टाकला. त्याच्यामागून खडूची पूड. शेवटी गरम पाणी, सोडा आणि कडक ब्रश. गटारात तेलाचा थेंब जाऊ दिला नाही. टबावरून एकदा आवाज आला, “कोपऱ्यात अजून थोडी पूड...”

“हे कोण बोललं?”

टबावरचा खराटा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

फरशी उरकली, पण गाडी कशी जाणार? इंजिनात ऑइल किती उरलं हे देवालाच माहीत. बायकोने सुताराची हातगाडी मागितली. धुतलेली चादर अंथरली, गठ्ठे रचले, वर दुसरी चादर. प्रश्न उरला ह्याच्या हातांचा. कोपरापर्यंत काळे, साबणाने नुसते चमकत होते. आणि चढ होता, ढकलायला माणूस पाहिजेच. तिने दोन जुने उशीचे अभ्रे त्याच्या हातांवर चढवले आणि मनगटाला नाडीने बांधले.

अशी ती वरात रस्त्याने निघाली. पुढे ही ओढतेय, मागे हा अभ्र्यांनी ढकलतोय. ओळखीची माणसं थांबून विचारत होती, “भाजलं का हो?” हा म्हणायचा, “थोडंसं.” म्हणजे खोटंही नव्हतं.

रुग्णालयाच्या फाटकावरच्या रखवालदाराने त्याच्या हातांकडे बघितलं आणि आपुलकीने म्हणाला, “काका, ड्रेसिंग डाव्या हाताला. लाईन आहे, पण तुम्हाला सोडतील.”

दुपारची पाळी नुकतीच भरत होती. मेट्रनबाई दारातच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. गठ्ठे एकेक करून सोडवले गेले. डागदराने घसा खाकरला, तो आता ऑइल, उष्णता आणि रबर यांच्यावर दोन शब्द बोलणार, एवढ्यात बायको म्हणाली, “बाई, एक कोट कमी आहे. गाडीचं ऑइल लागलं. चूक आमची. आज आम्ही हातगाडीवर आणलंय, पण वेळेत आणलंय. तो कोट डाग काढून आणून देते.”

मेट्रनबाईंनी हातगाडी बघितली. मग त्या अभ्र्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. तोंडावरची रेष हलली नाही, पण नाकाचा शेंडा हलला.

“ऑइल कुणी सांडलं?”

अभ्रे पाठीमागे गेले.

“काम राहील,” बाई म्हणाल्या. “पण कपडे न्यायला-आणायला इथून पुढे तुम्ही यायचं. हे फाटकाबाहेर थांबतील. आणि गाडीचं काम गाडीवाल्याकडे. कबूल?”

“कबूल,” बायको म्हणाली. काका ड्रेसिंगला न जाता का परत चालले, ते रखवालदाराला शेवटपर्यंत कळलं नाही.

हातगाडी परत देताना डागदर सुताराला म्हणाला, “रुग्णालयाचं खातं मी आता हिच्याकडे सोपवलंय. मला इथलंच काम उरकत नाही.”

“बरं केलंत,” सुतार म्हणाला. “टबाचं खातं कुणाकडे?”

बायकोने आत जाऊन गॅरेजवाल्याला फोन लावला. “हो, संध्याकाळी या. नाही, रागावलेले नाहीत ते. नाही नाही, गाडीजवळ येणार नाहीत.”

डागदर ते ऐकत होता. रॉकेल आणि साबण लावून त्याने हात पुन्हा पुन्हा चोळले, नखं काड्यांनी कोरली, बोटं पांढऱ्या चिंधीवर पुसून बघितली. चिंधी कोरी राहिली तेव्हाच कोट टेबलावर घेतला. पाठीचं कापड उलटं करून खाली टिपकागद घातला, डागावर पूड दाबली आणि थांबला. पूड झटकली, नवी दाबली. काळा रंग करडा झाला, करड्याचा पिवळट. म्हातारी एका शर्टाच्या सुटलेल्या बटणात सुई घालत बाजूलाच बसली होती. तिने एकदाच वाकून बघितलं आणि नेमकं त्या वेळी काहीच बोलली नाही. तिच्या हिशोबाने हे कौतुकच होतं.

पुढे दुकानात घंटी वाजली. कुणीतरी पँट घेऊन उभं होतं.

“आलो,” तो म्हणाला. कोटावर पुडीचा आणखी एक थर दिला, वर कागद ठेवला, शर्टाची काळी बाही आत दुमडली आणि पुढच्या खोलीत गेला.