मेथी निवडून होईपर्यंत

बायकोला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखीच्यांसमोर धीर होत नाही म्हणून? तसंच असेल.

माझा मोठा भाऊ, दादा. अंगाने थोर, बुद्धीने लहान मूल, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. ते खरं नव्हतं. त्याला कळायचं, फक्त उत्तर यायला वेळ लागायचा. आमच्या मुलुंडच्या घरात त्याची एक रीतच होती. आई त्याला विचारायची, "आमटी करू की कढी?" आणि मेथीची जुडी निवडायला घ्यायची. अर्धीअधिक निवडून झाली की दादा म्हणायचा, "कढी." मध्ये कुणी बोललं तर बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. म्हणून मी लहानपणीच गप्प बसायला शिकलो होतो. त्यात मी पटाईत होतो, हे लक्षात असू द्या.

आई गेली. घर दोघा भावांच्या नावावर, आणि नेमकी तेव्हाच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दादाला सही करता येत नव्हती. त्याच्या वतीने सही करायला कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागणार होता. घाटकोपरची मावशी, आईची धाकटी बहीण, म्हणाली, मला करा पालक, माझ्याकडे राहू दे त्याला. एकटीच होती ती. दादाचा तिच्यावर भारी जीव. पण मग त्याच्या हिश्श्याची सही तिची — आणि नव्या घरात ती त्याची खोली मागणारच. ती खोली मी मनातल्या मनात माझ्या मुलीला देऊन बसलो होतो.

अर्ज मी माझ्या नावाने केला. मावशी भांडली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "माजे गुडघे चलनत नाय रे, माका कचेरीत येवक जमाचा नाय. पण त्याका इचारूक सांग. तो सांगतलो. वायच थांब मात्र."

वांद्र्याच्या सरकारी कचेरीत बोलावणं आलं. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या, उगाच त्यांच्यावर कशाला ढकलू? माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी खुर्ची दादासमोर ओढली आणि विचारलं, "तुम्हाला कुणाकडे राहायचंय? भावाकडे की मावशीकडे?"

दादा खाली बघू लागला. त्याचा अंगठा बोटांवरून फिरायला लागला. म्हणजे उत्तर निघालं होतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. मॅडम थांबल्या होत्या. आणखी थोड्या थांबल्या असत्या — आणि काय उत्तर येणार, तेही मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "मॅडम, त्याला नाही कळत हो. उगाच गोंधळतो बिचारा."

एवढंच. आवाजात माया होती. मॅडमनी मान हलवली आणि कागद पुढे ओढले. मी दादाचा पालक झालो.

परतताना रिक्षात दादा एकदम म्हणाला, "मावशीकडे." स्पष्ट म्हणाला. मी म्हणालो, "हो रे, जाऊ हं." तो हसला. मला अजून ते हसणं सहन होत नाही.

त्याच संध्याकाळी मावशीचा फोन. "इचारल्यानी त्याका?"

"विचारलं गं. काहीच बोलला नाही."

ती मग म्हणाली, "असां?" पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही.

नव्या घरात मुलीला खोली मिळाली. दादाला बदलापूरच्या पुढे एका संस्थेत ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत — हे मी सगळ्यांना सांगतो, न विचारता सांगतो. मावशीला तिथवर जाणं कधी झेपलं नाही. गेल्या पावसाळ्यात ती वारली. दादाला मी ते सांगितलेलं नाही. तो अजून वाट बघत असेल? असेलच. मी "जाऊ" म्हणालो होतो ना.

परवा त्याला भेटायला गेलो होतो. निघताना सवयीने तोंडून निघून गेलं, "दादा, काय हवंय का रे तुला?"

त्याने मान खाली घातली. अंगठा बोटांवरून फिरायला लागला. मी चपला घातल्या आणि फाटकाबाहेर आलो.