गोराईचा किल्ला, घाटकोपरची जागा

गोराईला किल्ला करायला जायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. ऐंशीच्या दशकातली दिवाळी. घाटकोपर स्टेशनबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या मुलांचा वर्ग नलूताई घ्यायच्या. मी विक्रोळीचा कारखान्यातला माणूस, शिक्षण सातवी. पण चाळीतला दिवाळीचा किल्ला मीच करायचो, म्हणून त्यांनी मला धरलं. फुटपाथवर किल्ला कुठे करणार? गोराईत त्यांच्या ओळखीच्या मेरीबाईंचं अंगण होतं. पण पोर खाडीत पडलं तर?

सकाळी कुणाकडून तरी मागून आणलेली मॅटॅडोर गाडी उभी होती. मुलं चढली, चंद्री खालीच. दहा-अकरा वर्षांची. आई बिगारी कामाला जायची, आणि दिवसभर त्यांची जागा धरून बसणं हे चंद्रीचं काम. म्हणून वर्गही ती लांबूनच बघायची.

"मी उठले की दुसरं कोन गाठोडं टाकतंय, काका. मग आमी झोपायचं कुठं?"

माझी बायको सुमती फक्त डबा द्यायला आली होती, तीही कुरकुरत. ती सरळ चंद्रीच्या गोणपाटावर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"जा गं. मी बसते."

"कोनी उठवलं तर?"

"मला? बघू तर!"

कुर्ला रोडने अंधेरी, पुढे हायवेने बोरिवली, मग होडी. भाडं तेव्हा सुट्ट्या नाण्यांत भागायचं. तुम्ही गेलात तर पाणी बरोबर ठेवा आणि ओहोटीची वेळ आधी विचारा. मी विचारली नव्हती.

मेरीबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मग मातीत हात घातले. मुलांनी बुरुजावर टीव्हीचा अँटेनासुद्धा लावला. चंद्रीचं लक्ष मात्र उन्हाकडे.

"काकू चहाला उठली तर?"

"नाही उठणार," मी म्हणालो. खात्री नव्हती. सुमती शेजारच्यांच्या खाटेवरही पदराने पुसल्याशिवाय टेकायची नाही.

चंद्रीने दरवाजाशी पहारेकरी केला, तोही बसलेला.

"अगं, पहारेकरी उभा असतो."

"काकू हाय ती." मांडीवर पिशवीही होती.

निघताना तिने विचारलं, "किल्ला कोन बघनार?"

"मी हाय ना," मेरीबाई म्हणाल्या. "कोंबडीला पण येऊ देत नाय."

ओहोटीने होडी चिखलात बसली. पाणी चढेपर्यंत मला सगळे देव आठवले.

घाटकोपरला दिवे लागले होते. लांबूनच सुमतीचा आवाज ऐकू आला. समोर एक बाई गाठोडं घेऊन उभी.

"तू काय हितली हायस?"

"इथलीच. पोरगी बाहेर गेलीय. ही आमची जागा आहे!"

त्या बाईलाही कुठेतरी टेकायचंच होतं, हे मला नंतर सुचलं. चंद्री गाडीतून उडी मारून धावली.

"काकू, उठा आता. मी आले."

सुमतीचे पाय बधिर झाले होते. चंद्रीने हात देऊन तिला उठवलं.

घरी येऊन मी पहारेकऱ्याचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "नाक तरी बरं केलं होतं का?"

पुढच्या आठवड्यात वर्गाच्या वेळी तिने पिशवी उचलली. मग दर आठवड्याला. चंद्री पाटीपाशी, सुमती गोणपाटावर. मी घाबरून विचारायचो, "अगं, किती दिवस बसणार आहेस?"

"तिला वाचता येईपर्यंत."