शालूताईंची सकाळची वेळ

शालूताई पाण्यात उतरायच्या ते गप्पा मारतच. काठी कठड्याला टेकवायची, दांडा धरून एकेक पायरी उतरायची आणि घसरल्या तर आधी स्वतःच हसायचं. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची ही लेक रोह्याजवळच्या खांब गावात दिलेली. पन्नाशीच्या आत त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. मेंदूचे निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाहीत, असा हा आजार. मलाही तोच. मी रोह्यात शाळेत शिकवते.

रोह्याच्या तरणतलावावर आमच्यासारख्या पाचसहा जणांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग सकाळी भरायचा. फिजिओथेरपिस्ट बाई काठावरून सांगायच्या, पुढे उभ्या राहून करून दाखवायच्या शालूताई. पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते. त्यांनी माझा हात धरला. "घाबरू नको गो. जमिनीवर पडशील, हितं नाय पडणार. पानी धरतंय."

एका उन्हाळ्यात व्यवस्थापकांनी सकाळची वेळ पोहण्याच्या शिबिराला दिली आणि आम्हाला दुपारी यायला सांगितलं. उष्णतेने आमचे पाय आणखी लुळे पडतात, हे बाईंनी समजावलं, तरी ते ऐकेनात. शालूताई म्हणाल्या, "साहेब, उद्या दुपारी तुम्ही फकस्त काठावर उभे ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी तापलेल्या पाण्यात त्यांनी नेहमीचा सगळा व्यायाम केला. शेवटी पायरीवर पाऊल उचलेना. दोघांनी धरून बाहेर काढलं, तरी उभं राहता येईना. व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः खुर्ची आणली आणि सकाळची वेळ तिथेच परत दिली.

मी चिडले होते. "मुद्दाम का केलंत हे?"

"बोलून झालाच व्हता ना? आता बघून पटला," ओल्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत येतील पाय ठिकाणावर. नेहमीचाच हाय."

पाय ठिकाणावर आले, आणि वर्गही सकाळीच सुरू राहिला.

गेल्या वर्षी त्या मुलाकडे बडोद्याला राहायला गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी पाण्यात त्यांनी मला पुढे ढकललं आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मी दबक्या आवाजात म्हटलं, "चला, गुडघे वर."

"काय पन ऐकू नाय आला, मास्तरीणबाई!" मागून आवाज आला.

या वेळी मी ओरडून सांगितलं. सगळ्यांचे गुडघे वर आले. सगळ्यात आधी त्यांचे.