मामंजींची कोरडी तंबाखू

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

शेजारी पाहुणे आलेत, ते पाईप ओढतात. त्यांच्या तंबाखूच्या डबीत सफरचंदाची फोड दिसली. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "ओल राहावी म्हणून. फार ओली झाली तर पेटत नाही, पण कोरडी पडली की भसाभस जळते आणि जीभ भाजते. मग मजाच जाते."

मला पुढचं ऐकवेना. उठून घरी आले.

बहात्तरच्या दुष्काळात मी पारनेरकडच्या एका खेड्यात नवी सून होते. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, पाईपची सवय तिथलीच. डबीत ते मडक्याची ओली खापरी ठेवायचे. त्या उन्हाळ्यात एकदा म्हणाले, "सूनबाई, एवढी खापरी भिजवून दे. तंबाखू लई कोरडी झाली हाय."

मी दोन मैलांवरून हंडा आणून नुकती टेकले होते. फटकन बोलले, "मामंजी, प्यायला पानी न्हाई, अन् तंबाखूला कुठनं आनू?"

"व्हय, खरं हाय तुझं."

पुन्हा त्यांनी कधीच मागितलं नाही. कोरडीच ओढत राहिले. जेवताना कालवण बाजूला सारायचे. मला वाटायचं, माझ्यावर रुसलेत. पाऊस यायच्या आत ते गेले. जीभ सोलून निघाली होती, तिखट सोसत नव्हतं, हे सासूबाईंनी नंतर सांगितलं.

आत्ता घरात कुणी ओढत नाही, तरी मला त्या कोरड्या तंबाखूचा वास येतोय.

तुम्ही काय केलं असतंत? घरात पाणी नव्हतं, हे खरं. पण खापरी भिजण्यापुरतंही नव्हतं, असं मला अजून म्हणवत नाही.