उर्शानच्या वाळूत बांधलेली गलबतं

दिनू, मी निघालो त्या सकाळी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर अख्खी वाडी आली होती. तू माझी हत्यारांची पेटी गाडीच्या टपावर चढवलीस आणि वर बसूनच रडायला लागलास, कंडक्टरनं खडसावून खाली उतरवेपर्यंत. आई शालनच्या, तुझ्या वहिनीच्या, गळ्यात पडली. बाबा तेवढे कोरडे. खिडकीशी येऊन म्हणाले, "आरं, ज्या मुलखात पाणी नाय, तितं होडी कशाला लागते, ह्याचा इचार केलास काय?" मी हसलो. म्हटलं, त्यांचं ते बघतील, आपल्याला रंधा मारायला लाकूड मिळाल्याशी कारण.

लाकूड हातातून गेलंच होतं. फायबरच्या होड्या आल्या आणि आपल्यासारख्या होडी बांधणाऱ्या सुताराला कुणी चहालाही विचारेना. बाकीचे मुंबईला गेले. मीच दीडशहाणा. वाळवंटातल्या साम्राज्याचा माणूस आला, सम्राटाला गलबतं हवीत म्हणाला, बायको आणा, घर देऊ म्हणाला, आणि मी बायकोला घेऊन आगीतून फुफाट्यात पडलो. आपल्याकडचे आणखी सात जण माझ्यामागून आले. त्यांना मीच बोलावलं.

उर्शानमध्ये लोखंड फक्त शस्त्रांसाठी, असा सम्राटाचा हुकूम आहे. म्हणून गलबतं लाकडाची, म्हणून आम्ही. सीमेवर फोन काढून घेतला आणि पेटी उघडली. धार असलेली प्रत्येक वस्तू इथे शस्त्र. लाकूड तासायचा वाकस, पटाशी, रंधा माझ्या नावावर चढले, शालनची विळी तिच्या नावावर. मग दर पंधरवड्याला शस्त्रतपासणीसाठी संचलनाच्या मैदानात मी खांद्यावर वाकस घेऊन उभा, आणि शेजारी माझी बायको, नारळ खोवायची विळी दोन्ही हातांनी छातीसमोर धरून. पहिल्या खेपेला आम्हाला हसू आवरेना. हसलो म्हणून दोन दिवस पाणी बंद झालं. त्यानंतर मैदानात आम्ही कधी हसलो नाही.

पाणी हुद्द्याप्रमाणे मिळतं. शिपायाच्या घरी रोज दोन घागरी, परक्याच्या घरी अर्धी. हुद्दा कळतो कमरेच्या पट्ट्याला किती गाठी आहेत त्यावरून, म्हणून इथली माणसं समोरच्याच्या तोंडाआधी कंबर बघतात. आपल्याकडे दारात कुणी आलं की आधी गूळपाणी. इथे पाहुणा आपलं पाणी आपण घेऊन येतो आणि उरलेलं परत नेतो. बावीस वर्षं झाली, तरी ते बघून माझं डोकं फिरतं.

परक्याला पुरतं पाणी हवं तर एकच वाट. मुलगा सैन्याला द्यायचा. आमचा रघू इथेच जन्मला. त्याला आठव्या वर्षी छावणीत नेलं. निरोप देताना आईबापांनी पाठ करून उभं राहायचं अशी रीत आहे, म्हणजे पोराला वळून बघण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही सगळे गाडी वळेपर्यंत मला हात हलवत होतात. आम्ही आमच्या पोराला पाठ दाखवली. त्या संध्याकाळी घरी दोन घागरी आल्या. मला तहान लागली होती, मी प्यायलो. शालन प्यायली नाही. तुला लिहिलेल्या पत्रात मात्र मी 'पाणी मुबलक आहे' एवढंच लिहिलं, कारण आमची पत्रं वाचूनच बाहेर सोडतात. आणि खरं सांगू? लाजही वाटत होती.

रघू वर्षातून एकदा यायचा. त्याच्या गाठी जास्त, म्हणून बापानं आधी उठून सलाम करायचा. मी खाडीच्या, तुझ्या, बाबांच्या गोष्टी काढल्या की म्हणायचा, "मागचं बोलू नये, बाबा." दोन वर्षांपूर्वी शालन गेली. मेलेल्याची शस्त्रं शस्त्रागारात जमा होतात, म्हणून ते विळीसुद्धा घेऊन गेले. तिच्या हातातली तेवढीच एक वस्तू घरात होती.

मागच्या महिन्यात रघू अचानक आला. माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "बाबा, मला तुमची खाडी सांगा." दिनू, मला इतका आनंद झाला की विचारू नकोस. मी वेड्यासारखा बोलत सुटलो. वरचा कातळ, उतारावरची आपली कलमं, खाली होड्या ओढायची जागा. त्यानं मला थांबवलं. "ते नको. मोठं जहाज आत घ्यायला खोल पाणी कुठल्या अंगाला आहे?" आणि मांडीवर नकाशा उलगडला.

आम्ही बांधलेली चाळीस गलबतं ओंडक्यांवरून ढकलत समुद्राकडे नेत आहेत, आपल्या खाडीवर चालून यायला. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा मिळालं, आणि ते ऐकायला बाबा राहिले नाहीत.

छापील कागदावर उर्शानी विश्वास ठेवत नाहीत. शपथ घेतलेला माणूस तोंडानं सांगेल तेच खरं, आणि कामावर घेतानाच त्यांनी मला सम्राटाची शपथ घ्यायला लावली होती. मी म्हटलं, खोल पाणी दक्षिणेच्या अंगाला. त्यानं लिहून घेतलं. मग मी विचारलं, पहिल्या गलबतावर कोण असेल? तो मान ताठ करून म्हणाला, "मी. ज्याच्या बापानं वाट सांगितली, त्यानं पुढे जायचं."

शब्द तेव्हाही फिरवता आला असता. मी फिरवला नाही.

माझ्यामागून आलेल्या सात जणांतल्या आपल्या बारक्याचा हात करवतीत गेला. निकामी झाला म्हणून त्याला परत पाठवताहेत. हे पत्र त्याच्याजवळ देतो आहे. पाऊस सरला की ते येतील. वाडीला सांग, पोलिसांना सांग. हसले तर हसू देत, पण सांग. दक्षिणेला पाण्याखाली खडक आहेत ते तुला ठाऊक आहेत. पहिलं गलबत तिथे फुटेल. तळ मी स्वतः बांधलाय, लगेच बुडणार नाही, तुला वेळ मिळेल. तू होडी घेऊन जा. रघू उंच आहे, कान थेट बाबांसारखे. वाळूत वाढलेला पोर आहे, त्याला पोहता येत नाही. तो तुझ्यावर शस्त्र उगारेल, तरी ओढून घे.

घर म्हणून आता माझ्याकडे तूच आहेस. त्याला घरी ने, कोरडे कपडे दे, आधी जेवायला घाल. बापानं त्याला फसवलं, हे जेवण झाल्यावर सांग.